रस्त्याचे चित्रपट आणि चित्रपटांचे रस्ते

अलास्कातील एका निर्जन पायवाटेवर साठ वर्षांच्या आसपास उभी असलेली एक गंजकी बस १८ जून २०२० रोजी लष्करी हेलिकॉप्टरला टांगून उचलण्यात आली. फेअरबँक्स शहराच्या सेवेतून निवृत्त झालेली ही १४२ क्रमांकाची बस १९६०च्या सुमारास रस्ता बांधणाऱ्या कामगारांच्या निवाऱ्यासाठी तेथे नेण्यात आली होती. काम थांबले आणि बस मागे राहिली. शिकारी आणि वाटसरू तिचा आसरा घेत. तिच्यामुळे कोणाच्या जिवाला धोका निर्माण होईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. तो धोका निर्माण झाला तो एका पुस्तकामुळे आणि त्यावर बेतलेल्या चित्रपटामुळे.

ख्रिस मॅककँडलेस हा २४ वर्षांचा अमेरिकन तरुण घरदार व पैसाअडका सोडून दोन वर्षे देशभर भटकला आणि मे १९९२ मध्ये या बसपाशी पोहोचला. ऑगस्टमध्ये तेथेच उपासमारीने त्याचा अंत झाला. जॉन क्राकौर यांनी १९९६ मध्ये त्याची कहाणी पुस्तकरूपाने मांडली. शॉन पेन यांनी २००७ मध्ये ‘इनटू द वाइल्ड’ या नावाने ती पडद्यावर आणली. त्यानंतर जगाच्या कानाकोपऱ्यातून तरुण मंडळी त्या बसकडे निघू लागली. वाटेतील टेक्लानिका नदी ओलांडताना २०१० मध्ये स्वित्झर्लंडची एक आणि २०१९ मध्ये बेलारूसची एक तरुणी बुडून मरण पावली. अनेकांची सुटका बचाव पथकांना करावी लागली. अखेर सरकारने बसच हलवली.

प्रवासाची प्रेरणा देणारे चित्रपट, असे शब्द सहज वापरले जातात. पण ही प्रेरणा नेमकी कशाची असते, हे या घटनेच्या निमित्ताने तपासून पाहण्याजोगे आहे.

रस्ता हेच कथानक

प्रवासपट, म्हणजेच रूढ भाषेत ‘रोड मूव्ही’, ही अमेरिकी चित्रपटसृष्टीची खास देणगी मानली जाते. फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) हा तिचा एक आरंभबिंदू. घरातून पळालेली श्रीमंत बापाची मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार यांची बसमध्ये गाठ पडते आणि मायामी ते न्यूयॉर्कच्या वाटेवर दोघेही बदलतात. या चित्रपटाला पाच प्रमुख ऑस्कर पुरस्कार मिळाले. ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) या हिंदी चित्रपटांचे मूळही तोच. पुढे १९५६च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. मोटार ही घराघरातील वस्तू झाली आणि डेनिस हॉपर यांच्या ‘ईझी रायडर’ने (१९६९) मोटारसायकलीला एका अस्वस्थ पिढीचे प्रतीक केले.

या चित्रपटांची घडण ठरावीक असते. कोणीतरी कशापासून तरी दूर निघतो किंवा कशाच्या तरी शोधात निघतो. वाहन बिघडते, पैसे संपतात, अनोळखी माणसे भेटतात. मुक्काम येतो तेव्हा निघालेला माणूस आणि पोहोचलेला माणूस एक राहिलेला नसतो. मुक्कामाचे ठिकाण हे बहुतेक वेळा केवळ निमित्त असते.

ब्राझीलचे दिग्दर्शक वॉल्टर सालेस यांचा ‘द मोटरसायकल डायरीज’ (२००४) हे त्याचे ठळक उदाहरण. वैद्यकीचा विद्यार्थी असलेला २३ वर्षांचा अर्नेस्टो गव्हेरा आणि त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रनादो यांनी १९५२ मध्ये केलेल्या दक्षिण अमेरिकेच्या प्रवासावर तो बेतलेला आहे. त्यांची जुनी नॉर्टन मोटारसायकल चिलीत कायमची बंद पडते आणि खरा प्रवास तेथून पुढे सुरू होतो. वाहनावर असताना निसर्ग दिसत होता. पायी चालताना आणि मिळेल त्या ट्रकमधून जाताना खाणकामगार दिसू लागतात, जमिनीवरून हुसकावलेले शेतकरी भेटतात, पेरूमधील सान पाब्लोच्या वसाहतीत कुष्ठरुग्णांशी मैत्री होते. या तरुणाचा पुढे ‘चे’ गव्हेरा झाला, त्याची बीजे या चित्रपटाला बंद पडलेल्या गाडीनंतरच्या वाटेवर दिसतात.

आपल्याकडचे प्रवासी

मराठी प्रेक्षकाला हा प्रकार परका नाही. ‘मद्रास टू पाँडिचेरी’ (१९६६) या तमिळ चित्रपटावरून घेतलेला ‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) आजही आवडीने पाहिला जातो, तो गोव्यासाठी नव्हे, तर बसमधील नाना तऱ्हेच्या प्रवाशांसाठी. सचिन पिळगावकर यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये (२००४) तर एस.टी.ची बसच नवस फेडण्यासाठी मुंबईहून गणपतीपुळ्याला निघते. चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाच्या ध्यानात राहिला तो अशोक सराफ यांचा कंडक्टर आणि ती गाडीभर माणसे. याच चित्रपटाच्या दुसऱ्या भागात (२०२४) ही मंडळी कोकण रेल्वेत बसली.

‘दिल चाहता है’ने (२००१) मात्र चित्र बदलले. तीन मित्र मोटारीने मुंबईहून गोव्याला जातात आणि शापोरा किल्ल्याच्या तटावर बसून समुद्र न्याहाळतात. त्यानंतर त्या तटावर तसेच बसून छायाचित्र काढणे, हा गोव्याच्या सहलीतील एक विधीच होऊन बसला. ‘३ इडियट्स’मध्ये (२००९) हरवलेल्या मित्राच्या शोधात निघालेली वाट लडाखच्या पँगाँग सरोवरापाशी संपते. आज त्या काठावर चित्रपटातल्यासारखी पिवळी स्कूटर छायाचित्रांसाठी मांडलेली दिसते. चित्रपटात दिसलेल्या लेहजवळील शाळेत तर पर्यटकांचा इतका ओघ सुरू झाला, की अभ्यासात व्यत्यय येऊ लागल्याने शाळेने २०१८ मध्ये चित्रपटामुळे प्रसिद्ध झालेली भिंत हलवण्याचा निर्णय घेतला. मुलांना मोकळेपणाने शिकू द्यावे, असे सांगणाऱ्या चित्रपटाच्या चाहत्यांमुळेच मुलांच्या शिकण्यात अडथळा यावा, यातला विरोधाभास बोलका आहे.

पडद्यावर न दिसणारे

चित्रपट मुक्कामाकडे खेचतो, याला कारण त्याचे तंत्र आहे. संकलक दहा तासांचा घाट दहा सेकंदांत बसवतो. त्यात वळणांची मळमळ, पाठदुखी, वाट पाहणे हे सारे गळून पडते. उरतो तो संगीताच्या साथीने उलगडणारा देखावा. प्रेक्षकाला पोहोचण्याचा आनंद मिळतो, पण पोहोचण्यास लागलेला वेळ त्याच्या हिशेबात येत नाही. आणि प्रवासातील सुरक्षितता तर बहुतांशी या वेळेवरच अवलंबून असते.

लडाखचेच पाहा. मुंबईहून निघालेला प्रवासी विमानाने एका सकाळीत समुद्रसपाटीवरून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये उतरतो. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर आहे आणि तेथे जाताना ५,३०० मीटरहून उंच असलेली चांगला खिंड ओलांडावी लागते. पँगाँगच्या काठी हवेचा दाब, आणि त्याबरोबर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू, समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. शरीर याच्याशी जुळवून घेऊ शकते, पण त्याला दिवस लागतात. घाई केल्यास डोकेदुखी, मळमळ, धाप अशी लक्षणे दिसतात. ती अंगावर काढून वर चढत राहिल्यास फुप्फुसांत पाणी साठणे किंवा मेंदूला सूज येणे असे जीवघेणे प्रकार घडू शकतात. म्हणून लेहमध्ये पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, ३,००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि लक्षणे बळावल्यास विनाविलंब खाली उतरावे, असा सल्ला दिला जातो. चित्रपटातील नायकांना हे दोन दिवस काढावे लागत नाहीत.

टेक्लानिकाचा धोकाही असाच वेळेशी बांधलेला आहे. ही नदी हिमनद्यांच्या पाण्यावर वाहते. एप्रिलमध्ये सारे गोठलेले असताना मॅककँडलेसने ती सहज ओलांडली. जुलैमध्ये परत फिरला तेव्हा बर्फ वितळून तिचा लोंढा झाला होता आणि त्याची वाट बंद झाली. थोड्याच अंतरावर तारेवरून नदी ओलांडण्याची पाळण्यासारखी सोय होती. पण तपशीलवार नकाशा जवळ नसल्याने ती त्याला ठाऊक नव्हती. बसच्या ओढीने पुढे गेलेल्यांनाही उन्हाळ्यात हीच फुगलेली नदी आडवी येत असे.

याहून विलक्षण बाब अशी, की चित्रपटात दिसते ती बस खरी नव्हेच. चित्रीकरणासाठी हुबेहूब प्रतिकृती तयार करण्यात आली होती. ती हिली गावात महामार्गालगत उभी असून कोणालाही सहज पाहता येते. तरीही लोक नदीपलीकडच्या बसकडे जात राहिले. शिवाय, आनंद वाटून घेतला तरच तो खरा, या जाणिवेपाशी हा चित्रपट अखेर येऊन पोहोचतो. दोन वर्षांच्या भटकंतीत भेटलेली, जीव लावणारी माणसे मागे टाकल्याची ती कबुली आहे. त्या अर्थाने बस हे कहाणीचे ईप्सित स्थळ नसून चूक उमगण्याची जागा आहे. पाहणाऱ्यांनी मात्र नेमके त्या जागेचेच तीर्थ केले.

काय घ्यावे?

डेव्हिड लिंच यांचा ‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) हा चित्रपट याबाबतीत डोळे उघडणारा आहे. आयोवा राज्यातील ७३ वर्षांच्या ॲल्विन स्ट्रेट यांनी १९९४ मध्ये आजारी भावाला भेटण्यासाठी केलेल्या प्रवासाची ही सत्यकथा. दृष्टी अधू असल्याने त्यांच्याजवळ मोटारीचा परवाना नव्हता. तेव्हा गवत कापण्याच्या यंत्राला गाडा जोडून ते निघाले आणि विस्कॉन्सिनपर्यंतचे सुमारे ३८५ किलोमीटर अंतर त्यांनी सुमारे सहा आठवड्यांत कापले. लिंच यांनी चित्रीकरणही त्याच मार्गावर, घटनाक्रमाने केले. या चित्रपटात पाहायला जावे असे एकही प्रसिद्ध स्थळ नाही. मक्याची शेते आहेत, पाऊस आहे, रात्रीची शेकोटी आहे आणि थांबून बोलणारी माणसे आहेत.

असा चित्रपट पाहून निघणाऱ्याने नकाशावर खूण करण्याआधी किती दिवस हाताशी आहेत, हे पाहावे. वाटेत एक मुक्काम वाढवावा, स्थानिक माणसाला ऋतूची, पाण्याची, घाटाची चौकशी करावी आणि तो ‘जाऊ नका’ म्हणाला तर ऐकावे.

१४२ क्रमांकाची बस फेअरबँक्स येथील अलास्का विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाकडे जतनासाठी सोपवण्यात आली आहे. नदी अजून तेथेच आहे, आणि दर उन्हाळ्यात ती फुगतेच.