आहेरगावच्या माळ्यावर

निफाड तालुक्यातल्या आहेरगावची वाट विचारली तर लोक पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीची खूण सांगतात. परिसर द्राक्षांचा, कांद्याचा, टोमॅटोचा. जुन्या इंग्रजी कागदांत या गावाचं नाव अहिरगाव असं येतं, आणि तारीख येते २९ जून १८१८. पेशवा दुसरा बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमला शरण जाऊन महिनाही उलटला नव्हता. खानदेशचा पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याला खबर लागली आणि त्याने कॅप्टन स्वान्स्टनला घोडेस्वार देऊन पिटाळलं. स्वारांनी एका घराला वेढा घातला तेव्हा आतला माणूस बाजेवर पहुडला होता. गलका ऐकताच तो माळ्यावर पळाला आणि पेंढ्यात शिरला. तिथून त्याला ओढून काढलं. पेशवाईतला एके काळचा सर्वांत वजनदार कारभारी त्र्यंबकजी डेंगळे असा नाशिकच्या मातीत पकडला गेला.

१४५ वर्षांनी, १९६३ साली, ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ आली. त्यांची ही पहिली ऐतिहासिक कादंबरी, आणि नायक हाच पेंढ्यातला माणूस.

ही निवड धाडसाची होती. आदल्याच वर्षी रणजित देसाईंची थोरल्या माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ प्रसिद्ध झाली होती. माधवरावांवर प्रेम करायला मराठी वाचकाला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच १९६२ साली नाशिकचे वसंत कानेटकर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक घेऊन आले. कानेटकर मूळचे रहिमतपूरचे, इनामदार खटावचे, म्हणजे दोघेही सातारा जिल्ह्यातले. नाशिकला स्थायिक झालेल्या नाटककाराने रायगड गाठला आणि ज्याच्या गोष्टीचा शेवट निफाडात होतो तो माणूस आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या इनामदारांच्या वाट्याला गेला. नाशिककरांनी याची थोडी खंत बाळगायला हरकत नाही.

त्र्यंबकजी संगमनेरजवळच्या निमगाव जाळीचा. साध्या जासूदापासून त्याची चाकरी सुरू झाली. बाजीरावाची मर्जी बसली आणि तो चढत गेला. १८१५ च्या जुलैत पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते, त्यामुळे रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्र्यंबकजीवर बोट ठेवून त्याला ताब्यात मागितलं. रीतसर खटला झालाच नाही. त्याची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे.

पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला ग्रँट डफने. तो एल्फिन्स्टनच्या हाताखाली काम केलेला अधिकारी. त्याचा ग्रंथ १८२६ साली आला आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळा-कॉलेजांत त्यातलाच त्र्यंबकजी शिकवला गेला: कपटी, क्रूर, हलक्या कुळातून वर आलेला. फिर्यादीच्या कचेरीतल्या माणसाने निकालपत्र लिहिलं आणि आपण ते इतिहास म्हणून पाठ केलं. ‘झेप’ म्हणजे त्या निकालावरचं अपील आहे.

गंमत अशी की आरोपीच्या बाजूचा सर्वांत रसाळ पुरावा एका इंग्रजाच्याच दप्तरात सापडतो. त्र्यंबकजी ठाण्यातून निसटला तो १२ सप्टेंबर १८१६ रोजी. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते, देशी शिपाई फितूर होईल या भीतीने. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर याने पुढे या पलायनाची हकिगत आपल्या रोजनिशीत टिपली. एका अधिकाऱ्याकडे नव्याने लागलेला मराठी मोतद्दार रोज कोठडीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करी आणि करता करता गाणं म्हणे. झुडपाआड तिरंदाज दडलेत, पंचावन्न घोडी उभी आहेत, माणसं मात्र चोपन्नच आहेत, असा त्या गाण्याचा आशय. गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हतं, ज्याला कळायचं त्याला कळलं. भिंतीला भोक पडलं आणि पंचावन्नावा स्वार घोड्यावर बसला.

हेबर हा वॉल्टर स्कॉटच्या परिचयातला कवी. ही हकिगत त्याला स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या दरोडेखोरांच्या कथेसारखी वाटली आणि त्याने ते गाणं थेट इंग्रजी बॅलडच्या छंदात बसवलं. स्कॉटची ‘वेव्हर्ली’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी १८१४ ची, शास्त्रींच्या खुनाच्या आदल्या वर्षीची. म्हणजे युरोपात हा वाङ्मयप्रकार जन्मत होता त्याच सुमाराला ठाण्यात त्याला साजेसा प्रसंग घडत होता. मोतद्दाराने खरंच हेच गायलं की किस्सा सांगणाऱ्यांनी त्याला मीठमसाला लावला? माझ्या मते निम्मं-निम्मं. इतिहासकाराने इथे थांबायला हवं, कादंबरीकाराने इथूनच निघायला हवं.

इनामदारांच्या बाकीच्या कादंबऱ्या नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहिल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. ‘झुंज’ (१९६६) यशवंतराव होळकरांची. चांदवड हे होळकरांचं महत्त्वाचं ठाणं, तिथला रंगमहाल अहिल्याबाईंचा, आणि १८०४ साली कर्नल वॉलेसने चांदवड घेतलं ते यशवंतरावांशी चाललेल्या युद्धातच. ‘मंत्रावेगळा’ (१९६९) दुसऱ्या बाजीरावाची. त्याचे वडील राघोबादादा गेल्यावर त्यांचं कुटुंब आधी कोपरगावला आणि १७९३ पासून नाशिकजवळ आनंदवल्लीला नजरकैदेत होतं. बाजीराव तेव्हा अठरा वर्षांचा. त्याची आई आनंदीबाई १७९४ साली वारली. गंगापूर रोडवरचं आनंदवल्ली आता शहरातच जमा आहे. नवश्या गणपतीला जाणाऱ्यांना तिथली आख्यायिका ठाऊक असते, की राघोबा-आनंदीबाईंनी मुलासाठी नवस केला होता. शेवटच्या पेशव्याची उमेदीची वर्षं नाना फडणविसांच्या पहाऱ्यात याच गोदाकाठी गेली, हे मात्र फार थोडे जण सांगू शकतील. बाजीरावाचा पुढचा भित्रेपणा आणि संशयी स्वभाव समजून घ्यायचा तर शनिवारवाड्याआधी आनंदवल्लीला यावं लागतं.

आता इनामदारांवरचा माझा आक्षेप. १८०१ साली बाजीरावाने पुण्यात विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलं. भावाच्या मरणाचा सूड उरात घेऊन यशवंतराव पुण्यावर चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला पेशव्यांची फौज मोडली. बाजीराव पळाला, वसईला जाऊन इंग्रजांच्या तहात अडकला. इनामदारांनी ‘झुंज’मध्ये फिर्यादीचं वकीलपत्र घेतलं आणि तीनच वर्षांनी ‘मंत्रावेगळा’त आरोपीचं. दोन्हीकडे त्यांची लेखणी तितकीच हळवी होते. लेखक म्हणून ही ताकद मोठी आहे, यात शंका नाही. पण बाजीरावाच्या बाबतीत ती मला पटत नाही. परिस्थितीने कोंडलेला माणूस म्हणून त्याची कीव येईल, विठोजीच्या मरणाची जबाबदारी त्याने टळत नाही. त्र्यंबकजीचं तसं नाही. त्याने शेवटपर्यंत धनी बदलला नाही. बाजीराव आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला राहिला, चाकर मात्र काशीजवळच्या चुनारगडावर कैदेत कुजला.

१८२४ साली हेबर त्याला चुनारला भेटला. त्याचं वर्णन वाचण्यासारखं आहे: लहानखुरा, चपळ, चिडखोर दिसणारा माणूस, डोक्या-खांद्यावरून लाल काठाचं मळकट वस्त्र. पहाऱ्याचे शिपाई क्षणभर नजरेआड होऊ देत नसत. झोपायच्या खोलीच्या तीन गजदार खिडक्याही पहारेकऱ्यांच्या व्हरांड्यात उघडत. पण दोन खोल्या, एक छोटं देऊळ आणि पिंपळाच्या सावलीतली बाग होती. बागेत त्याने तेरडा लावला होता. आपण आता माळी झालो आहोत, असं तो बिशपला म्हणाला. पाच वर्षांनी, १८२९ साली, तिथेच त्याचा अंत झाला.

‘झेप’ आजही मिळते, जरूर वाचा. आणि निफाड, चांदवड, संगमनेर भागातल्या वाचकांना एक विनंती. घरातल्या म्हाताऱ्यांना डेंगळ्यांचा एखादा पोवाडा, ओवी किंवा नुसती ऐकीव गोष्ट आठवत असेल, तर सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख टाकून ती लिहून ठेवा. मोतद्दाराचं गाणं हेबरने आपल्याला इंग्रजीत दिलं, मराठीतलं शोधायचं काम आपलं आहे.