दूरचित्रवाणीच्या पैशावर चित्रपट

दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांचे नाते प्रारंभापासूनच सवतीमत्सराचे राहिले आहे. ब्रिटनमधील चित्रपटगृहांत १९४६ साली सुमारे १६३ कोटी तिकिटे विकली गेली होती. १९८४ साली हा आकडा अवघ्या ५ कोटी ४० लाखांवर येऊन ठेपला. या घसरणीची कारणे अनेक होती. परंतु घरोघरी आलेला दूरचित्रवाणी संच हे त्यांतील ठळक कारण, याविषयी फारसे दुमत नाही. चित्रपटगृहांचे मालक दूरचित्रवाणीकडे घरभेद्याच्या नजरेने पाहत, आणि दूरचित्रवाणीवाले जुने चित्रपट स्वस्तात विकत घेऊन आपला वेळ भरून काढीत. नेमक्या याच पडत्या काळात एका नव्या दूरचित्रवाणी वाहिनीने स्वतःच्या पैशाने चित्रपट काढण्याचे ठरविले. त्यांतील काही घरच्या पडद्याआधी चित्रपटगृहात दाखवावेत, हाही तिच्या योजनेचा भाग होता. ही वाहिनी म्हणजे ब्रिटनचे चॅनल फोर. तिने या धंद्यात काय मिळविले आणि काय गमावले, हे समजून घेतल्यास चित्रपटाचा पैसा नेमका कोठून येतो व कोठे जातो, यावरही बराच प्रकाश पडतो.

चॅनल फोरचे प्रक्षेपण २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाले. १९८० च्या कायद्याने तिच्यावर एक बंधन घातले होते: कार्यक्रमांच्या आशयात आणि मांडणीत तिने नवे प्रयोग केले पाहिजेत. ही वाहिनी स्वतः कार्यक्रम तयार करीत नसे. पुस्तकाचा प्रकाशक ज्याप्रमाणे लेखकाकडून पुस्तक घेतो, त्याप्रमाणे ती स्वतंत्र निर्मात्यांकडून कार्यक्रम करवून घेई. तिच्या पैशाची व्यवस्था तर आणखीच वेगळी होती. आयटीव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रादेशिक व्यापारी कंपन्या तिला दरवर्षी वर्गणी देत, आणि त्या बदल्यात तिच्यावरील जाहिराती आपापल्या प्रदेशात विकून उत्पन्न घेत. म्हणजे एखादा कार्यक्रम थोड्याच लोकांनी पाहिला, तरी वाहिनीच्या चुलीवरचे भांडे उतरत नसे. पुढे जे काही घडले ते या व्यवस्थेमुळे शक्य झाले, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

वाहिनीचे पहिले प्रमुख जेरेमी आयझॅक्स यांच्यासमोर युरोपातील उदाहरणे होती. इटलीच्या ‘राइ’ या सरकारी दूरचित्रवाणी संस्थेच्या पैशावर निघालेल्या चित्रपटांनी १९७७ आणि १९७८ अशी लागोपाठ दोन वर्षे कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक पटकाविले होते. जर्मनीतही दूरचित्रवाणी संस्थांनी चित्रपटांना पैसा देण्याविषयी १९७४ पासून रीतसर करार झालेला होता. ब्रिटनमध्ये मात्र ही कल्पना कोणी मनावर घेतली नव्हती. आयझॅक्स यांनी कथात्मक कार्यक्रमांची जबाबदारी डेव्हिड रोझ यांच्याकडे सोपविली. बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्रावर प्रादेशिक नाटकांचा विभाग चालविण्याचा मोठा अनुभव रोझ यांच्या गाठीशी होता. वर्षाला सुमारे २० चित्रपट आणि त्यांसाठी ६० लाख पौंड, म्हणजे एका चित्रपटामागे सरासरी ३ लाख, असा हिशेब बांधण्यात आला. चित्रपटाच्या जगात ही रक्कम चहापाण्याची म्हणावी इतकी अल्प होती. ‘फिल्म ऑन फोर’ या मालेचा आरंभ पहिल्याच रात्री स्टीव्हन फ्रिअर्स यांच्या ‘वॉल्टर’ने झाला. मतिमंद म्हणून समाजाने दूर लोटलेल्या एका माणसाची ती कथा होती आणि इयन मॅकेलन यांनी ती भूमिका केली होती. नव्या वाहिनीच्या शुभारंभाच्या रात्री असा विषय दाखविणे, हे वाहिनीने आपल्याविषयी केलेले निवेदनच होते.

आता वाहिनी पैसा देते म्हणजे नेमके काय विकत घेते, हे पाहू. तिच्या रकमेचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिला भाग प्रक्षेपणाच्या हक्काचा: ठराविक वर्षांत ठराविक वेळा तो चित्रपट आपल्या पडद्यावर दाखविण्याची मुभा. ही रक्कम परत येत नाही आणि येण्याची अपेक्षाही नसते, कारण तेवढा कार्यक्रम वाहिनीच्या पदरात पडलेला असतो. दुसरा भाग भागीदारीचा. चित्रपटाने इतरत्र पैसा मिळविला, तर त्यातील हिस्सा वाहिनीला मिळतो; न मिळविला, तर ही रक्कम बुडते. निर्मात्याच्या दृष्टीने पहिला भाग सोन्यासारखा. तो हाती आला की उरलेला पैसा गोळा करण्यासाठी त्याला दारोदार फिरताना काही आधार दाखविता येतो.

मग चित्रपटगृहाची यातायात कशासाठी? याचे उत्तर व्यवहारी आहे. दूरचित्रवाणीवर एका रात्री दाखविलेले नाटक दुसऱ्या दिवशी विसरले जाते. तेच चित्रपट म्हणून महोत्सवात गेले, वृत्तपत्रांच्या समीक्षकांनी त्यावर लिहिले, लंडनच्या एखाद्या लहान चित्रपटगृहात ते काही आठवडे चालले, की त्याचे नाव होते आणि पुढे प्रक्षेपणाच्या रात्री प्रेक्षक वाट पाहत बसलेला असतो. परंतु येथे एक अडचण होती. चित्रपटगृहात लागलेला चित्रपट साधारणपणे तीन वर्षे दूरचित्रवाणीवर येता कामा नये, असा प्रदर्शकांच्या संघटनेचा दंडक होता. ज्या वाहिनीने पैसा घातला तिनेच आपला चित्रपट तीन वर्षे कपाटात ठेवावा, असा याचा अर्थ. त्यामुळे अनेक चित्रपट थेट घरच्या पडद्यावर गेले आणि चित्रपटगृहाचे तोंड त्यांनी पाहिलेच नाही. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास, अल्प खर्चाच्या चित्रपटांपुरता हा दंडक सैल करण्यात आला. ज्यांच्याकडे प्रेक्षक येत नव्हता त्यांनीच दार इतकी वर्षे अडवून धरावे, यातील विनोद प्रदर्शकांच्या उशिरा लक्षात आला असावा.

‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ (१९८५) या चित्रपटाची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. पाकिस्तानी पिता आणि इंग्रज माता यांचे पुत्र हनीफ कुरेशी यांनी तो लिहिला. दिग्दर्शक पुन्हा फ्रिअर्स. दक्षिण लंडनमध्ये कपडे धुण्याचे दुकान चालविणारा एक पाकिस्तानी वंशाचा तरुण आणि त्याचा गोरा मित्र यांच्यातील प्रेमाची ही कथा. सईद जाफरी आणि रोशन सेठ हे आपल्या परिचयाचे नट त्यात होते. खर्च सहा-साडेसहा लाख पौंडांचा, चित्रण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, आणि उद्देश दूरचित्रवाणीचा. परंतु एडिंबरो महोत्सवात त्याचे असे स्वागत झाले, की तो ३५ मिलिमीटरवर उतरवून चित्रपटगृहांत लावण्यात आला. कुरेशी यांच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. असा विषय घेऊन एखाद्या व्यापारी निर्मात्याकडे जाण्याची सोय त्या काळी नव्हती. तोट्याची भीती नसलेल्या संस्थेकडेच तो नेता येत होता.

रोझ १९९० मध्ये निवृत्त होईपर्यंत १३० हून अधिक चित्रपटांना वाहिनीचा पैसा मिळाला होता आणि त्यांपैकी सुमारे निम्मे चित्रपटगृहांत झळकले. विम वेंडर्स यांच्या ‘पॅरिस, टेक्सस’ (१९८४) सारख्या परदेशी दिग्दर्शकाच्या चित्रपटात आणि मुंबईत जन्मलेल्या इस्माइल मर्चंट यांच्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ मध्येही तिचा वाटा होता. १९८५ साली सरकारने चित्रपटांना मदत करणारी तिकिटांवरील जुनी पट्टी रद्द केली, तेव्हा ब्रिटिश चित्रपटाला हक्काने हात पसरता येईल असे फार थोडे दरवाजे उरले. त्यांपैकी हा एक होता. १९८७ च्या कान महोत्सवात चित्रपटाच्या सेवेबद्दलचे रोस्सेलिनी पारितोषिक चॅनल फोरच्या या कार्यास देण्यात आले.

हा पैसा आपल्या देशापर्यंतही पोहोचला. मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) उभा राहिला तो राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, दूरदर्शन, फ्रेंच संस्था आणि चॅनल फोर अशा अनेकांच्या वर्गणीतून. मुंबईच्या रस्त्यांवरील खरीखुरी मुले त्यात होती. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव यांच्या भूमिका मराठी वाचकास आठवत असतील. कान येथे पदार्पणातील सर्वोत्तम चित्रपटाचे पारितोषिक त्यास लाभले. शेखर कपूर यांचा ‘बॅन्डिट क्वीन’ (१९९४) हाही चॅनल फोरच्याच पैशाने निघाला. पुण्यात जन्मलेले फरूख धोंडी हे त्या वेळी वाहिनीच्या बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे प्रमुख होते. ज्यांची ही जीवनकथा त्या फूलनदेवींनी चित्रपटास न्यायालयात हरकत घेतली, आणि प्रदर्शनाचा वाद शेवटी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. दूरच्या पैशाने जवळची कथा सांगितली जाते तेव्हा ती कोणाच्या नजरेने सांगितली जाते, हा प्रश्न दोन्ही चित्रपटांच्या वेळी उठला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो पैसा नसता, तर पहिला चित्रपट झालाच नसता. दुसऱ्याविषयी मात्र फूलनदेवींच्या हरकतीचे वजन कमी मानता येत नाही.

१९९३ पासून चॅनल फोर आपल्या जाहिराती स्वतः विकू लागले. वर्गणीची जुनी ऊब संपली आणि नफ्यातोट्याचा वारा आत शिरला. पुढच्याच वर्षी ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ आला. निर्मितीखर्च ३० लाख पौंडांच्या आत, आणि जगभरच्या तिकीटविक्रीचा आकडा सुमारे २४.५ कोटी डॉलर. चॅनल फोरचा त्यात हिस्सा होता. परंतु या यशातील मोठा घास गेला तो मुख्यतः पॉलिग्राम या कंपनीकडे, कारण चित्रपट जगभर नेऊन विकण्याचे काम तिचे होते. १९९६ च्या ‘ट्रेनस्पॉटिंग’चा निर्मितीखर्च चॅनल फोरने उचलला, तरी तो लोकांपुढे नेला पॉलिग्रामनेच. त्या कंपनीने ब्रिटनमधील जाहिरातीवर साडेआठ लाख पौंड ओतले. ही रक्कम चित्रपट काढण्यास लागलेल्या पैशाच्या निम्म्याच्या घरात जाणारी होती.

वितरकाचे गणित येथे थोडे उलगडले पाहिजे. तिकिटाच्या पैशातून आधी कर जातो. उरलेल्यातून चित्रपटगृहाचा मालक स्थूलमानाने निम्म्याहून अधिक ठेवतो. जे वितरकाकडे येते त्यातून तो आपले कमिशन घेतो. मग प्रती काढण्याचा आणि जाहिरातीचा खर्च वसूल करतो. आणि त्यानंतर काही शिल्लक राहिले, तर ते ज्यांनी चित्रपट काढला त्यांच्याकडे जाते. पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्यास जे वाढले जाते, तेवढेच निर्मात्याच्या वाट्याला. मग वाढप्याचे काम आपणच का करू नये, असे चॅनल फोरला वाटले तर त्यात नवल नाही. मात्र वाढप्याला आधी स्वयंपाकाचे सामान उधार आणावे लागते, ही गोष्ट त्या विचारात मागे पडली. वितरक पहिला वसूल करतो हे खरे. पण चित्रपट पडला, तर जाहिरातीचा खर्चही त्याच्याच अंगावर पडतो. मोठ्या कंपन्या वर्षाला वीस-पंचवीस चित्रपट लावून एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यात जिरवितात. चार-पाच चित्रपटांवर ही जुळणी होत नाही.

१९९८ मध्ये निर्मिती, विक्री आणि वितरण ही तिन्ही कामे एकत्र करून ‘फिल्मफोर’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. प्रमुख होते पॉल वेब्स्टर. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला याच नावाची, पैसे भरून पाहावयाची चित्रपटवाहिनीही सुरू झाली. आरंभ उत्तम होता. सॉल्फर्डमधील एका पाकिस्तानी कुटुंबाची कथा सांगणारा ‘ईस्ट इज ईस्ट’ (१९९९) कंपनीने स्वतः वितरित केला आणि त्याने ब्रिटनमध्ये एक कोटी पौंडांवर गल्ला जमविला. ओम पुरी यांनी त्यात हट्टी बापाचे काम केले होते. यशाने धीर चेपला. हॉलिवुडच्या वॉर्नर ब्रदर्सशी भागीदारी झाली, अंदाजपत्रके फुगली, आणि ‘लकी ब्रेक’ व ‘शार्लट ग्रे’ (दोन्ही २००१) यांसारख्या महागड्या चित्रपटांवर मदार ठेवण्यात आली. ते अपेक्षेप्रमाणे चालले नाहीत. नीट पाहता या चित्रपटांत चॅनल फोरचेच असे काही नव्हते. ते कोणत्याही मोठ्या कंपनीने काढले असते, आणि अधिक सामर्थ्याने विकले असते. याच सुमारास जाहिरातींचे उत्पन्नही ओसरले. जुलै २००२ मध्ये नवे प्रमुख मार्क थॉम्सन यांनी स्वतंत्र कंपनी गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. विक्री व वितरण बंद झाले आणि चित्रपटांची वार्षिक तरतूद सुमारे ३ कोटी पौंडांवरून १ कोटीवर आणून वाहिनीच्या कथाविभागात सामावून घेण्यात आली.

त्या वेळी अनेकांनी हे ब्रिटिश चित्रपटाचे मरण मानले. तसे झाले नाही. टेसा रॉस यांच्या हाती आलेला हा लहान विभाग पुन्हा लेखक हेरण्याच्या, पटकथा तयार करवून घेण्याच्या आणि इतरांच्या जोडीने पैसा घालण्याच्या जुन्या कामाकडे वळला. २००६ मध्ये चित्रपटवाहिनीही सर्वांना विनामूल्य खुली झाली. विकास स्वरूप यांच्या कादंबरीवरून केलेला, मुंबईत चित्रित झालेला ‘स्लमडॉग मिलिओनेर’ (२००८) हे याच काळातील पीक. सुमारे दीड कोटी डॉलरच्या या चित्रपटात चॅनल फोरचा पैसा होता, परंतु वितरण तिचे नव्हते. अमेरिकेतील ज्या वॉर्नरच्या शाखेने तो घेतला होता ती मे २००८ मध्ये बंद पडली, आणि चित्रपट चित्रपटगृहात न लावता थेट चित्रफितींच्या तबकड्यांवर विकावा, असा विचार सुरू झाला. शेवटी फॉक्स सर्चलाइट या कंपनीने त्यात भाग घेतला आणि नोव्हेंबरमध्ये तो तेथील चित्रपटगृहांत लागला. पुढल्या फेब्रुवारीत त्यास आठ ऑस्कर मिळाली.