पन्नास मिलिमीटर पाऊस, तीन उत्तरं

पाणलोटाच्या गावसभेत ‘मॉडेलनुसार गावाला इतकं पाणी कमी पडतं’ असं कुणी म्हणालं की सभेचे दोन तट पडतात. निम्म्यांना वाटतं, संगणकानं काढलंय म्हणजे बरोबरच असणार. उरलेल्यांना वाटतं, एसीत बसून काढलेला आकडा, याला आमच्या शिवारातलं काय कळणार? दोघंही अर्ध्यावर थांबलेत. मॉडेल हा काही गृहीतांवर मांडलेला हिशेब असतो. गृहीतं काय धरली आणि हिशेब कुठल्या प्रश्नासाठी मांडला, हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये आणि तो फेकूनही देऊ नये. माती आणि पाण्याच्या अभियांत्रिकीत याबद्दलचे काही गैरसमज फार पक्के बसले आहेत.

‘मॉडेल म्हणजे संगणकाचा प्रोग्राम’

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारनं १९१६ साली तिची सुरुवात केली, तेव्हा संगणक कुठे होता? तिथली मॉडेलं विटा, सिमेंट आणि वाळूची. धरणाचा सांडवा किंवा नदीचं वळण लहान मापात बांधायचं, त्यातून खरं पाणी सोडायचं आणि मोजायचं. त्याचं गणित मोठं गमतीचं असतं. सांडवा शंभरपट लहान केला तर वेळ शंभरपट आखडत नाही, दहापटच आखडते. दहा तासांचा पूर तासाभरात ओसरतो. पाण्याचा विसर्ग मात्र एक लाखपट कमी होतो, म्हणजे एक लाख क्युसेकच्या पुराला तिथं एक क्युसेक, सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी पुरतं.

गाळाशी गाठ पडली की हे सरळ गणित अडतं. नदीतली बारीक वाळू शंभरपट लहान करायला गेलं तर तिची चिकणमाती होते. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात, वाळूसारखे वाहत नाहीत. म्हणून अशा मॉडेलांत कोळशाच्या भुकटीसारखा हलका माल वापरावा लागतो. सगळ्या गोष्टी एकाच मापानं लहान करता येत नाहीत. संगणकातल्या मॉडेललाही ही अडचण चुकलेली नाही, फक्त ती तिथं डोळ्यांना दिसत नाही.

‘आम्ही मॉडेल-बिडेल वापरत नाही, अनुभवावर जातो’

लघुपाटबंधाऱ्याचा अंदाज काढताना ‘स्ट्रेंजचा तक्ता’ उघडणारे जुने अभियंते हे हमखास म्हणतात. पण तो तक्ता म्हणजे मॉडेलच की! डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी १८९२ साली आजच्या महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातला पाऊस आणि ओढ्या-नाल्यांचं पाणी यांचा मेळ घालून तो केला. पाणलोट चांगला, मध्यम की वाईट ते ठरवायचं आणि पावसापुढचा आकडा वाचायचा. इथं ‘चांगला’ म्हणजे ज्यातून पाणी जास्त वाहून येतं तो, हेही ध्यानात ठेवायला हवं. तळं भरणाऱ्याचा चांगला पाणलोट माती जपणाऱ्याच्या दृष्टीनं वाईट असू शकतो.

पुढे १९२९ मध्ये इंग्लिस आणि डिसोझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या प्रवाहमापनावरून दोन सूत्रं दिली, एक घाटमाथ्यासाठी आणि एक दख्खनच्या पठारासाठी. यातले क्लॉड इंग्लिस म्हणजे खडकवासल्याच्या संस्थेला नाव मिळवून देणारे. पठाराचं सूत्र असं: वर्षाचा पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला ‘पाऊस उणे १७.८’ नं गुणा आणि २५४ नं भागा. पाऊस ६० सेंटिमीटर असेल तर नाल्यानं सुमारे १० सेंटिमीटर पाणी येतं. ४० सेंटिमीटर झाला तर येतं साडेतीन. पाऊस एक तृतीयांशानं घटला आणि पाणी घटलं जवळपास दोन तृतीयांशानं. ‘पाऊस काही फार कमी नव्हता, तरी तलाव का भरला नाही?’ हा प्रश्न पर्जन्यछायेच्या तालुक्यांत दर चार-दोन वर्षांनी विचारला जातो आणि दोष ठेकेदाराला किंवा वरच्या गावाला दिला जातो. कधी दोष तिथं असतोही. पण बरंचसं उत्तर या एका ओळीच्या सूत्रात आहे, आणि सरासरी पावसावर तलाव बेतणाऱ्यानं ते आधी वाचायला हवं होतं.

‘५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ठरावीक पाणी’

खरी गंमत इथं आहे. शेततळं, नालाबांध, सलग समतल चर, यांपैकी कशाचाही आकार ठरवताना विचारायचं ते एकच: एका पावसात किती पाणी वाहून येईल? त्याला आपल्याकडे अपधाव म्हणतात. अपधाव काढायची जगभर रुळलेली पद्धत म्हणजे कर्व्ह नंबर. अमेरिकेच्या मृदा संधारण खात्यात १९५० च्या दशकात ती तयार झाली. माती, पीक आणि मशागत पाहून जमिनीला शंभराच्या आतला एक क्रमांक द्यायचा. क्रमांक जितका मोठा तितकं पाणी जास्त वाहणार.

काळ्या भारी मातीचं एक शेत घेऊ, क्रमांक ८५. पाऊस ५० मिलिमीटर. आधीचे पाच दिवस जवळजवळ कोरडे गेले असतील तर अपधाव येतो सुमारे ३ मिलिमीटर. मधली ओल असेल तर सुमारे २३. आधी दमदार पाऊस होऊन जमीन तुडुंब असेल तर ३४. हेक्टरी बोलायचं तर ३० हजार लिटर, २ लाख ३० हजार लिटर आणि ३ लाख ४० हजार लिटर. शेत तेच, पाऊस तेवढाच. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात अकरापटीहून जास्त अंतर.

ज्यानं जूनमधलं काळं रान पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगा गिळून टाकतात. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन पाणी आत घ्यायला इतकी आळशी होते की वाफसा यायला आठ-आठ दिवस लागतात. मूळ अमेरिकन सूत्रात ही दोन रूपं नीट बसत नव्हती. म्हणून केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या १९७२ च्या हँडबुकात काळ्या मातीसाठी सूत्राचा एक गुणक वेगळा धरला: कोरड्या मातीला ०.३, ओल्या मातीला ०.१. वरचे आकडे त्याच गुणकांनी काढले आहेत. मूळच्या ०.२ वरच अडून बसलेले अहवाल अजूनही सापडतात, कारण परदेशी सॉफ्टवेअरमध्ये तोच आयता भरलेला येतो आणि तो बदलायची तसदी कुणी घेत नाही.

पद्धतीला तिचं स्वतःचं वैगुण्यही आहे. पीक उभं असताना मागच्या पाच दिवसांत ३६ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस म्हणजे जमीन कोरडी, ३६ ते ५३ म्हणजे मध्यम, त्याहून जास्त म्हणजे ओली, अशी विभागणी आहे. त्यामुळे पाच दिवसांत ३५ मिलिमीटर पडला असेल तर उत्तर ३, आणि ३७ पडला असेल तर एकदम २३! माती अशी पायरीवरून उडी मारत नाही. शिवाय हे सूत्र दिवसभराचा पाऊस एकत्र धरतं. ५० मिलिमीटर तासाभरात कोसळला की दिवसभर रिपरिपत पडला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बांध फुटतो तो मात्र त्या एका तासातच.

‘उपग्रहाला सगळं दिसतं’

उंचीचे फुकट मिळणारे उपग्रह-नकाशे बहुधा ३० मीटरच्या चौकोनांचे असतात. असा एक चौकोन म्हणजे सुमारे नऊ गुंठे. या नऊ गुंठ्यांना उंचीचा एकच आकडा. यात हातभर उंचीचा बांध, ताल, रस्त्याखालची मोरी, शेजाऱ्यानं काढलेला चर यांतलं काहीही दिसत नाही. सपाट रानातलं पाणी तर नेमकं त्यांच्याच आधारानं वळतं. अशा नकाशावरून डोंगरउताराच्या पाणलोटाची सीमा काढली तर ठीक. शेततळ्याचं तोंड कुठं ठेवायचं ते विचारू नये; त्यासाठी लेव्हल घेऊन शेतात जावं, नाही तर पावसात छत्री घेऊन उभं राहावं.

‘हेक्टरी इतके टन माती वाहून धरणात गेली’

मातीच्या धुपेचं सर्वांत प्रसिद्ध समीकरण विशमायर आणि स्मिथ यांचं. २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराच्या प्रमाण-वाफ्याशी तुलना करून ते बांधलं आहे. ते शेतावरची, पाण्याच्या पातळ थरानं आणि बारीक ओघळांनी होणारी, अनेक वर्षांची सरासरी धूप सांगतं. घळी त्यात धरलेल्या नाहीत. यंदाच्या एका वादळी पावसाचा हिशेबही त्यावरून काढायचा नसतो. वाहिलेली माती पुढे कुठं साचली, हे तर ते सांगतच नाही.

ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली देशाचा अंदाज मांडला: वर्षाला ५३३.४ कोटी टन, म्हणजे हेक्टरी सरासरी १६.४ टन माती सुटते. हा आकडा भाषणांतून फार फिरतो. त्याच अभ्यासातला पुढचा भाग फिरत नाही: यातली सुमारे २९ टक्के माती समुद्राला मिळते, १० टक्के धरणांत साचते, आणि उरलेली एका जागेवरून उठून दुसरीकडे बसते. वरच्याच्या शेतातली माती खालच्याच्या तालीत अडकली तर तिला धरणाचा गाळ म्हणता येत नाही. वरच्या शेतकऱ्याचं नुकसान मात्र पुरतं झालेलं असतं.

‘मॉडेल जितकं मोठं तितकं अचूक’

टेक्सासमधल्या टेंपल इथं अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेत तयार झालेलं ‘स्वॉट’ हे मॉडेल आज विद्यापीठांतल्या प्रबंधांचं लाडकं आहे. पाऊस, माती, पीक, उतार, भूजल, खतं असं सगळं त्यात घालता येतं. पण त्यात अपधाव काढताना बहुतेक जण वापरतात तो १९५० च्या दशकातला कर्व्ह नंबरच. भोवतालचा डोलारा वाढला तरी गाभ्यातली पद्धत तीच जुनी असते.

त्यात फिरवायच्या किल्ल्या पुष्कळ. बाष्पोत्सर्जन थोडं वाढवा आणि खोल पाझर थोडा कमी करा, नाही तर उलट करा. नदीवरच्या मोजणीशी दोन्ही रेषा सारख्याच जुळतात. नदीचा प्रवाह बरोबर आला म्हणून विहिरीची पातळी बरोबर येईलच असं नाही. मोजणीचं ठिकाण मोठ्या नदीवर, गावाचा नाला त्याच्या कितीतरी वर, आणि नाल्यावर साधी पट्टीसुद्धा नाही. अशा मॉडेलातून गावाचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतो तेव्हा त्या दशांशांकडे संशयानं पाहावं.

याउलट, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजे ‘पोकरा’साठी, आयआयटी मुंबईनं केलेला जलताळेबंद बघा. पाण्याचा रोजचा हिशेब: पडलेल्या पावसातलं वाहून किती गेलं, मातीत किती राहिलं, पिकानं किती घेतलं, खाली किती मुरलं. त्याचा प्रश्न ठरलेला होता: या गावाच्या पीकपद्धतीला पाणी पुरतं का, आणि नाही तर आणखी किती अडवायला जागा आहे? आता, हा ताळेबंद पावसाच्या आकड्यावर उभा आहे आणि पर्जन्यमापक महसूल मंडळाला एक. वळवाचा पाऊस तर एका शिवारात झोडपतो आणि पलीकडचं शिवार कोरडं ठेवतो. त्यामुळे ‘आमच्या गावात तेवढा पाऊस झालाच नाही’ अशी तक्रार गावसभेत आली तर ती हसण्यावारी नेऊ नये. तिच्यात तथ्य असू शकतं, आणि ती मॉडेलच्या सूत्राविरुद्ध नसून त्याला दिलेल्या माहितीविरुद्ध आहे.

‘मोजणी हे शास्त्रज्ञांचं काम’

नाल्यावर पत्र्याची किंवा लाकडाची फळी घट्ट बसवायची, तिला काटकोनाची व्ही-आकाराची खाच पाडायची, आणि खाचेच्या तळापासून मागच्या पाण्याची उंची मोजायची. पट्टी खाचेच्या तोंडाशी धरायची नाही, थोडी मागे, पाणी संथ असतं तिथं धरायची. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे साडेचार लिटर पाणी जातंय. २० सेंटिमीटर असेल तर जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाचपटीहून जास्त. म्हणून पट्टी वाचताना बोटभर चूकही महागात पडते. मोठ्या पुरात ही फळी टिकत नाही, ते काम तिचं नव्हेही. ऑगस्टनंतर नाला कधी आटतो आणि आटेपर्यंत रोज किती वाहतो, हे तिच्यावरून शाळेतलं पोरही वहीत लिहू शकतं. दोन-तीन पावसाळ्यांची अशी वही असेल तर ताळेबंद करायला आलेल्या अभियंत्यासमोर ती ठेवावी आणि विचारावं, तुमच्या मॉडेलात आमचा नाला कोणत्या महिन्यात आटतो?