बी.एड.ची फी नेमकी कुणी भरायची?

पदवीचे निकाल लागले की आमच्या विहारात रविवारी सकाळी माणसे कागदांच्या पिशव्या घेऊन येऊ लागतात. वडील कुठे सिक्युरिटीला असतात, कुठे सफाई खात्यात. आई चार घरची धुणीभांडी करते. प्रश्न एकच, "साहेब, मुलीला बी.एड.ला घालायचं आहे, फीचं कसं होणार?" विचारायला येतात त्यांचे तरी बरे. कित्येक जण विचारतच नाहीत. बचत गटातून कर्ज उचलतात, कानातले मोडतात आणि फी भरून येतात. जी फी त्यांनी भरायचीच नव्हती!

शिक्षक होण्यासाठी शिकणे ही आपल्या समाजात नवी गोष्ट नाही. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले होते आणि ते पलटणीच्या शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली आणि ती वाटही बंद झाली. नंतर १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो ती हीच. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींसाठी आपल्याला १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत झगडावे लागले, हे आजच्या मुलांना कुणी सांगत नाही. असो.

आता हिशेबाचे बोलू. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती मिळते. त्यात शिकवणी फी आणि परीक्षा फी येते, वर निर्वाह भत्ता. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे हा भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार आणि घरी राहतो की वसतिगृहात यानुसार वर्षाला २,५०० पासून १३,५०० रुपयांपर्यंत असतो. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले म्हणून निराश होऊ नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची फ्रीशिप आहे. तिच्यात भत्ता नाही, पण शिकवणी फी आणि परीक्षा फी आहे. जुलै २०२४ मध्ये मुलींच्या मोफत उच्च शिक्षणाचा निर्णय गाजला, तेव्हा वस्तीतल्या बायका विचारत होत्या, "आपल्या पोरींना पण का?" अहो, तो निर्णय ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी होता. आपल्या मुलींना आणि मुलांनाही ही फी त्याआधीपासूनच माफ आहे.

मग पैसे बुडतात कुठे? पहिला खड्डा प्रवेशाच्या दारातच आहे. बी.एड.साठी सीईटी द्यावी लागते आणि शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घ्यावा लागतो. या दोन्ही योजना कॅपमधून आलेल्यांनाच आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेवर शिष्यवृत्ती नाही आणि फ्रीशिपही नाही. सीईटीचा फॉर्म राहिलेल्या मुलीच्या वडिलांना कुणी एजंट गाठतो, "जागा मी देतो, स्कॉलरशिप होऊन जाईल" म्हणतो, आणि त्या एका वाक्यावर दोन वर्षांची फी अंगावर पडते. एक वर्ष थांबलेले परवडले, पण हा सौदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा खड्डा घरात आहे, आणि तो सांगताना वाईट वाटते. पूर्वी फी परस्पर कॉलेजला जायची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने शिष्यवृत्तीचा ६० टक्के वाटा उचलण्याचे ठरवले, उरलेले ४० टक्के राज्याचे. त्यानंतर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या आधारला जोडलेल्या बँक खात्यात येऊ लागला. त्यात कॉलेजच्या फीचेही पैसे असतात. ते ताबडतोब कॉलेजात भरायचे आणि पावती घ्यायची. पण पैसे येतात उशिरा, कधी पुढचे वर्ष उजाडते. तोवर घरात अडचणी साठलेल्या असतात. आमच्या भागातल्या एका मुलीच्या खात्यात रक्कम आली त्याच आठवड्यात तिची आजी दवाखान्यात होती. घरच्यांना वाटले, सरकारने मुलीला बक्षीस दिले. पैसे औषधाला गेले. शेवटच्या वर्षी कॉलेजने गुणपत्रिका अडवली, आणि पोरीला टीईटीचा अभ्यास सोडून एका दुकानात सहा महिने बिले फाडावी लागली. तिच्या वडिलांना दोष कसा द्यायचा? मेसेज इंग्रजीत आला होता, त्यातले फीचे किती आणि भत्त्याचे किती हे कुणी समजावले नव्हते. म्हणून माता-भगिनींना विनंती आहे, खात्यात पैसे आले की आधी कॉलेजच्या क्लार्ककडून लेखी हिशेब घ्या, फी भरा, उरेल तो भत्ता आपला. आणि कॉलेज मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवत असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्याला मनाई केली आहे, हे अर्जात लिहा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

कागद थोडक्यात सांगतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, रहिवासी दाखला. दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असून चालत नाही, मूळ अनुसूचित जातीची नोंद लागते. महाडीबीटीवर अर्ज भरला तरी दुसऱ्या वर्षी तो पुन्हा भरावा लागतो, आणि हे हमखास राहते.

बाहेरगावी शिकणाऱ्याला शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांचीच, गुणांचीही अट आहे. समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात चौकशी करावी.

फॉर्म भरण्याआधी एक विचार मात्र करा. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही असा निकाल दिला. लहान मुलांना शिकवायचे असेल तर बारावीनंतरचे डी.एल.एड., म्हणजे जुने डी.एड., हाच रस्ता आहे, आणि शिष्यवृत्ती त्यालाही आहे. पुढे टीईटी आहे, मग शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी. ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली आणि मग २०२५ ला. निवड झाली तरी आधी तीन वर्षे शिक्षणसेवक. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार. इतकी वर्षे वाट पाहायची तयारी ठेवायची आहे, तर निदान डोक्यावर फीचे कर्ज घेऊन ती पाहू नये. कागदांची पिशवी घेऊन जवळच्या विहारात किंवा समाजकल्याण कार्यालयात या, पण प्रवेशाच्या आधी या.