नरकासुराची मान

दिवाळीला पुण्याहून पेडण्याला घरी गेलो की एक दिवस डिचोलीला ताईकडे जाणं ठरलेलंच. यंदा म्हापशामार्गे पोचेपर्यंत अंधार पडला. अंगणात वाड्यातल्या मुलांचा नरकासुर उभा होता आणि सातवीतला भाचा लॅपटॉपसमोर रडवेला बसला होता.

आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात. आदली रात्र त्याच्या मिरवण्याची. मोठ्या मंडळांचे नरकासुर हातही हलवतात. भाच्याला निदान मान हलवायची होती. त्यासाठी त्याने स्वस्तातला आर्डुइनो नॅनो बोर्ड आणि छोटी सर्वो मोटर आणली होती. लॅपटॉपवर आर्डुइनो आयडीई.

"मामा, दोन तास प्रोग्रॅम बदलतोय. चालतच नाही."

प्रोग्रॅम जेमतेम पंधरा ओळींचा. 'सेटअप'मध्ये मोटर कुठल्या पिनला जोडली ते एकदा सांगायचं. 'लूप'मध्ये मान डावीकडे, थांब, उजवीकडे, थांब, हे वीज असेपर्यंत. चूक एकही नव्हती.

आयडीईत वर दोन बटणं असतात. बरोबरची खूण नुसता प्रोग्रॅम तपासते. बाण तपासतो आणि मग चिपकडे पाठवतो. खूण दाबली, काहीच तक्रार नाही. बाण दाबला, तर 'नॉट इन सिंक', तेही दहा वेळा. म्हणजे पत्र शुद्ध लिहिलेलं होतं, पोस्टात अडकलं होतं. पण दोन्ही तऱ्हेचे निरोप खालच्या एकाच खिडकीत येतात, मग पोराला वाटणारच की आपलंच चुकलं. इतक्या वर्षांत हे कुणी सुधारलं नाही याचा मला राग येतो.

चिपमध्ये 'बूटलोडर' नावाचा छोटा प्रोग्रॅम आधीच असतो. यूएसबीवरून आलेला आपला प्रोग्रॅम तो उतरवून घेतो. २०१८ पासूनच्या अधिकृत नॅनोमध्ये तो ११५२०० बॉडच्या वेगाने बोलतो. स्वस्त नकलांत पुष्कळदा जुना, ५७६०० चा असतो. 'टूल्स'मध्ये 'प्रोसेसर'खाली 'ओल्ड बूटलोडर' निवडलं आणि बाण दाबला. (पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहा. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात.)

मोटर कुरकुरली. कागदी मुखवटा डावीकडे वळला, थांबला, उजवीकडे वळला. वाड्यातली पोरं ओरडली. भाचा मात्र लॅपटॉपकडेच बघत म्हणाला, "म्हणजे माझा पहिलाच प्रोग्रॅम बरोबर होता?"

पहाटे नरकासुराला आग लावायच्या आधी त्याने सगळ्यांना थांबवलं, मानेत हात घालून मोटर आणि बोर्ड काढून घेतला, आणि मगच काडी ओढू दिली.