भट्टीतून हाडात

गिरगावात वाढलेल्या मनुष्यास धातूंचे वेड लागावे यात नवल काहीच नाही. कारण खेतवाडी ओलांडून कुंभारवाड्याच्या गल्ल्यांत शिरले, की दुर्गादेवी स्ट्रीटपासून गुलालवाडी-कीका स्ट्रीटपर्यंत धातूच्या पेढ्यांची रांग संपता संपत नाही, आणि जेथे पूर्वी तांबे, पितळ व पोलाद यांचीच नावे दिसत, तेथे पाट्यांवर आता टायटॅनियमही रंगवलेले आढळते. अशाच एका पेढीत शेठजींनी टायटॅनियमच्या कांबीचा दाखला, ज्याला त्या बाजारात ‘टीसी’ म्हणतात, माझ्यापुढे ठेवला. त्यात हीट नंबर, म्हणजे माल कोणत्या वितळणीतला याचा क्रमांक, होता; अॅल्युमिनियम सुमारे 6 टक्के, व्हॅनेडियम सुमारे 4 टक्के, ऑक्सिजन 0.13 टक्क्याच्या आत, असा रासायनिक तपशील होता. ताणसामर्थ्याचे आकडे होते. आणि तळाशी ‘अॅनील्ड’, म्हणजे शेकलेला, एवढा एकच शब्द होता. कोणत्या तपमानाला आणि किती वेळ, असे विचारताच शेठजी हसले. “साहेब, केमिस्ट्री बघा, स्ट्रेंथ बघा. गिऱ्हाईक तेवढंच विचारतं.”

गिऱ्हाईक चुकते, असे माझे स्पष्ट मत आहे. मिश्रधातूचे नाव म्हणजे केवळ त्याचे कुलगोत्र. त्याचे चारित्र्य भट्टीत ठरते.

इतिहासाची रीत उरकून टाकतो. 1791 साली इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्याच्या वाळूत विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला टायटॅनियम हे मूलद्रव्य सापडले, 1795 साली क्लाप्रोटने त्याचे नामकरण केले, विसाव्या शतकात विल्यम क्रोलने ते मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत दिली, आणि स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी 1965 साली माणसाच्या जबड्यात ते बसवून हाड त्याच्याशी सांधते हे दाखवले. आपल्याकडे रत्नागिरीपासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत त्याचे खनिज आहे, आणि हैदराबादच्या ‘मिधानी’ या कारखान्यात त्याचे मिश्रधातू घडतात. एवढे पुरे.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो. शुद्ध टायटॅनियमचे अणू 882 अंश सेल्सिअसपर्यंत एका दाट षट्कोनी रचनेत असतात, तिला अल्फा म्हणतात. त्यावर तपमान गेले की तेच अणू घनाकृती रचना धारण करतात, ती बीटा. अॅल्युमिनियम ही सीमा वर ढकलते, व्हॅनेडियम बीटाला थंड झाल्यावरही थोडी जागा राखून देते. परिणामी अस्थिशस्त्रक्रियेत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या या सहा-चारच्या मिश्रधातूत संपूर्ण बीटा होण्याची सीमा 995 अंशांच्या आसपास आणि ऑक्सिजन कमी ठेवलेल्या वैद्यकीय प्रतीत त्याहून किंचित खाली येते. या रेषेच्या कोणत्या बाजूस धातू तापवला आणि तेथून तो कोणत्या वेगाने निवला, या दोनच गोष्टींत त्याचे सारे भवितव्य साठवलेले आहे.

माटुंग्याच्या एका अध्यापक स्नेह्यांच्या कृपेने सूक्ष्मदर्शकाखाली हे नमुने मी पाहिले आहेत, आणि दुपारचे जेवण राहून गेल्याचे भानही मला उरले नव्हते. आरशासारखा घासलेला तुकडा क्रोलच्याच नावाच्या आम्लद्रावात क्षणभर बुडवला की त्याची अंतर्रचना उघडी पडते. सीमेच्या खाली घडवून 700 ते 785 अंशांना शेकलेल्या कांबीत अल्फाचे बारीक, गोलसर कण आणि त्यांच्या फटींतून बीटा दिसते. तीच कांब सीमेच्या वर नेऊन सावकाश निवू दिली, तर जुन्या बीटा-कणांच्या कडेने अल्फाची अखंड रेघ उमटते आणि आत लांबट पात्या एकमेकींना समांतर पसरतात. या पात्यांमध्ये एकदा शिरलेली भेग वाट चुकत हळू सरकते, हा गुणच होय. परंतु मुळात भेग उपजू न देण्याचे काम बारीक कणांना अधिक चांगले साधते. चालत्या माणसाचा एक पाय वर्षाला सुमारे दहा लाख पावले टाकतो, त्या प्रत्येक पावलाला खुब्यातील कृत्रिम दांडा भार सोसतो. तेव्हा भेग उपजूच नये हेच शहाणपण. म्हणूनच रोपणाच्या धातूसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत 860 मेगापास्कल एवढ्या ताणसामर्थ्याच्या अटीबरोबर, कणांच्या कडेला अल्फाचे अखंड जाळे असता कामा नये, अशीही सक्त अट घातलेली आहे.

पोलादाचा कोयता तापवून पाण्यात बुडवला की तो लगेच कठीण होतो. टायटॅनियमला असे नुसते पाणी देऊन भागत नाही. 950 अंशांच्या आसपास तापवून ते पाण्यात विझवावे, मग 540 अंशांच्या सुमारास काही तास मंद शेक द्यावा, तेव्हा कोठे त्याचे ताणसामर्थ्य 1100 मेगापास्कलच्या घरात पोचते. परंतु हाडाच्या दृष्टीने बळाइतकीच ताठरताही महत्त्वाची. हाडाची ताठरता 10 ते 30 गिगापास्कल, या मिश्रधातूची सुमारे 110, पोलादाची जवळजवळ 200. ताठर दांडा सगळा भार स्वतःवर घेतो आणि बेकार झालेले हाड झिजू लागते. जपानमध्ये निओबियम, टँटलम व झिर्कोनियम मिसळून केलेला एक बीटा-मिश्रधातू विझवलेल्या अवस्थेत ही ताठरता 60 ते 65 पर्यंत उतरवतो; पण सामर्थ्याच्या लोभाने त्याला शेक द्यावा तर ताठरता पुन्हा चढते, आणि 300 ते 400 अंशांना रेंगाळलेल्या अशा बीटा-मिश्रधातूंत ओमेगा नावाची ठिसूळ उपरचना जन्म घेते. बळ वाढवण्याच्या भरात मूळ हेतूच हरवण्याचा असा दाखला धातुशास्त्रात विरळा.

हवेचा प्रश्न निराळाच. लालबागच्या बाजूच्या एका यंत्रशाळेत उघड्या भट्टीत तापवलेला तुकडा मी पाहिला. त्यावर सोनेरी, जांभळी, निळी अशी रंगांची झाक उमटली होती आणि पाहणारे त्यावर खूश होते. ते रंग ऑक्साइडच्या पातळ थरातून प्रकाशाच्या खेळाने उमटतात, तेवढ्याने बिघडत नाही. पण अधिक तपमानाला, अधिक वेळ हवा लागली की ऑक्सिजन धातूत मुरून एक कठीण, ठिसूळ कवच तयार होते, आणि भेगेला तेवढे निमित्त पुरते. म्हणून हे काम निर्वात किंवा अर्गॉनच्या भट्टीत करावे, नाहीतर ते कवच घासून अथवा आम्लाने काढून टाकावे.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात हाडाचा कर्करोग झालेला पाय न कापता, रोगट भाग काढून तेथे धातूचा मोठा सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत आली आहे, आणि परदेशी सांधा गरिबाच्या आवाक्यात नसल्याने देशी सांध्याचे प्रयत्नही झाले. पवईच्या आयआयटीने त्यात हात घातला. देवरुखजवळच्या साडवलीत अस्थिरोपणे घडवणारा कारखाना आहे, हे समजले तेव्हा मला मौज वाटली: ज्या मुलखातून गिरणगावाला माणसे आली, त्याच मुलखात आता हाडे सांधणारा धातू घडतो आहे. आता त्रिमितीय छपाईनेही रोपणे होतात. लेझरने वितळलेली भुकटी क्षणार्धात गोठते आणि सुईसारख्या कणांची, ताणाने भरलेली रचना मागे राहते, म्हणून अशा वस्तूला 920 अंशांना अर्गॉनच्या प्रचंड दाबाखाली पुन्हा शेकावे लागते. छपाईचे कौतुक सगळे करतात, त्या शेकाचे कोणी करीत नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमचा भाव निराळा आणि टायटॅनियमसारख्या धातूंचा निराळा ठरला. धातूचे नाव सरकारदरबारी पोचले. ज्या वाचकांच्या घरात असे रोपण झाले असेल किंवा होणार असेल, त्यांना माझी विनंती एवढीच आहे, की वेष्टनावरचे लॉट क्रमांकाचे लेबल रुग्णाच्या कागदपत्रांत चिकटवून घ्यावे आणि त्याची एक प्रत घरच्या दप्तरी जपून ठेवावी. उद्या दांडा तुटला, तर तो कोणत्या भट्टीतून आला याचा माग त्या क्रमांकावरूनच काढता येतो.