कालपर्यंत तर शांत होती!

बुंदीला दत्तक आणून 3 आठवडे झाले होते. दोन-अडीच वर्षांची गावठी कुत्री. भुंकणं नाही, कुरतडणं नाही. सोसायटीत कौतुक चाललं होतं, "काय गुणी आहे हो!" मग एका सकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि आत चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा लॅब्राडोर उभा. बुंदीनं अशी झेप घेतली की पट्ट्यानं माझ्या तळहाताची सालं निघाली. लॅब्राडोरच्या कानाला ओरखडा आला, काकूंना रडू आलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे सल्ल्यांचा ढीग जमला. त्यातले बहुतेक चुकीचे होते.

"अचानक बिघडली." अचानक काहीच झालं नव्हतं. नव्या घरात आलेलं कुत्रं आधी बुजलेलं असतं; कोपरा धरून बसतं, जेमतेम खातं, आणि आपण त्याला शहाणं म्हणतो. नव्याचे नऊ दिवस सरले, जागा ओळखीची झाली, की त्याचा खरा स्वभाव आणि खरी भीती दोन्ही बाहेर येतात. कुत्री दत्तक देणारे लोक 3 दिवस, 3 आठवडे, 3 महिने असा हिशोब सांगतात. तो ढोबळ अंदाज आहे, पण लिफ्टचा प्रसंग त्यात चपखल बसतो. दुसरं असं, की पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना ज्यांच्याशी त्याची नीट ओळख होते, त्यांची पुढे धास्ती कमी राहते. बुंदीचे ते आठवडे कुठे गेले, कोणालाच माहीत नाही.

खुणा मात्र होत्या. दुसऱ्याच आठवड्यात लांबवर कुत्रं दिसलं की ती थबकायची, तोंड मिटायचं, कान पुढे यायचे, मध्येच जीभ नाकावरून फिरायची. मी म्हणायचो, किती शांतपणे बघते!

"शेपूट हलत होतं, म्हणजे खेळायचंच होतं." सैल अंगानं, कमरेपासून हलणारं शेपूट वेगळं आणि ताठ उभं राहून टोकाशी थरथरणारं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मागे फिरावं.

"मालक कोण ते एकदा दाखवून द्या." हा सल्ला सर्वाधिक मिळतो आणि सर्वाधिक नुकसान करतो. याचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिवासातल्या लांडग्यांची निरीक्षणं मांडली. तिथे एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एका आवारात कोंडलेले होते, त्यामुळे मारामाऱ्या होणारच. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकानं 'अल्फा' हा शब्द घरोघरी नेला आणि 1999 मध्ये मेक यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे तख्तासाठी लढाई नसते. आपण मात्र अजून कुत्र्याला उताणं पाडून 'राजा मी' म्हणतोय.

2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना त्यांनी कोणते उपाय करून पाहिले ते विचारलं. मारणं किंवा लाथ घालणं हा उपाय करणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांची कुत्री त्यावर उलटून आक्रमक झाली होती. उताणं दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होतं. कारण साधं आहे. समोर कुत्रं आलं आणि मानेला हिसका बसला, हे चारदा घडलं की बुंदीच्या हिशोबात कुत्रं म्हणजे दुखणं. गुरगुरण्याबद्दल मारलं, तर ती गुरगुरणं सोडते, भीती सोडत नाही. मग थेट चावते.

"भेटू द्या, आपसात मिटवतील." मोकळी कुत्री एकमेकांकडे वळसा घेऊन येतात आणि बाजूनं हुंगतात. ताणलेल्या पट्ट्यावर आपण त्यांना समोरासमोर आणतो आणि पळायची वाटही बंद करतो. भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका. पाणी ओता, नाहीतर फळी किंवा जाड चादर मध्ये घाला. माणसाला दात लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा.

"नसबंदी करा, थंड होईल." नसबंदी जरूर करावी, पण त्यासाठीची कारणं वेगळी आहेत. भीतीतून आलेलं धावून जाणं तेवढ्यानं थांबत नाही.

खरं तर पहिली फेरी पशुवैद्याकडे हवी. दुखणाऱ्या कुत्र्याला कोणी जवळ आलेलं खपत नाही. बुंदीचा उजवा कान आतून सुजलेला निघाला. तो बरा झाल्यावर चिडचिड निम्मी झाली.

उरलेल्या निम्म्याचं औषध म्हणजे अंतर. 40 पावलांवरचं कुत्रं पाहूनही बुंदी माझ्या हातातलं खायची, 35 वर खाणं सोडायची. म्हणून सुरुवात 40 पासून. कुत्रं दिसलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. ते नजरेआड झालं की चिकन बंद. पट्टा सैल, छातीला हार्नेस, फिरायची वेळ गर्दी नसलेली. गल्लीतली भटकी कुत्री हे गणित रोज बिघडवतात, तेव्हा निमूट वळून दुसरा रस्ता धरायचा. बघणारे म्हणाले, "भुंकण्याबद्दल बक्षीस देताय!" भीती बक्षिसानं वाढत नाही हो, भूकंपात कोणी पेढा दिला म्हणून भूकंपाची भीती वाढत नाही. शिवाय ती भुंकायच्या आत तुकडा देता यावा, इतकं अंतर आधीच राखलेलं असतं. ज्यांच्या कुत्र्यानं दुसऱ्याला खोल जखम केली आहे, त्यांनी हे एकट्यानं करू नये. वर्तनाची जाण असलेला पशुवैद्य गाठावा आणि तोंड उघडून धापा टाकता येतील अशा जाळीदार मुसक्याची सवय हळूहळू लावावी.

कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, असं सोसायटीच्या बैठकीत एका आजोबांनी ऐकवलं होतं. 6 महिन्यांत आम्ही 40 पावलांवरून 8 वर आलो. 8 च्या आत अजून जात नाही, कदाचित कधीच जाणार नाही. लॅब्राडोर लिफ्टनं उतरतो, आम्ही जिन्यानं. काकूंशी गप्पा रस्त्याच्या पलीकडून होतात, जरा मोठ्यानं.